मोकळी चाळीस मिनिटं

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! एक बॅग, एक उशी, हत्यारांची पेटी आणि आईनं बळंच कोंबलेली छत्री, एवढ्या लवाजम्यासकट वरच्या खोलीत राहायला आले. खोली काडेपेटीएवढी, पण खिडकी ऐसपैस. खाली मागची गल्ली दिसते. गल्लीत चिटपाखरू नसतं. हॉस्टेलवर चार वर्षं पाच जणींच्या घोरण्यात काढल्यावर ही शांतता म्हणजे चैनच.

मी नोकरीला लागलेय त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांना सगळे ढापण्या म्हणतात. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. तोंडावर म्हटलं तरी त्यांना चालतं. मीच तेवढी अजून मालक म्हणतेय, किती दिवस टिकेल बघू. खोली त्यांनीच बघून दिली. घरवाले काका त्यांचं जुनं गिऱ्हाईक, आणि काकांची अट एकच होती, वर राहणाऱ्याला कॉम्प्युटरमधलं कळलं पाहिजे. कारण त्यांच्या कॉम्प्युटरचं वायफाय सारखं तुटतं. तीन वर्षांत चार जणांनी हात टेकले. ढापण्या म्हणाले, इंजिनीअरबाई, हे पाचवं ऑपरेशन तुमच्या हातून, पेशंट दगावला तर दुकानात तोंड दाखवू नका.

काका कवळ्या बनवतात. डॉक्टर नाहीत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, काका त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात आणि त्यावर दात घडवतात. बोटं पांढरीफटक, आवाज असा मऊ की रडतं पोर झोपावं. माझी बॅग त्यांनीच जिन्यावरून वर आणली, मी नको नको म्हणत असताना.

खालचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, कॉम्प्युटर, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. शेकडो. प्रत्येकाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. सगळे मिळून माझ्याकडे बघून हसतायत असं वाटलं, मग मीही हसले. मधल्या खोलीत टेबलावर राउटर. मागे स्वयंपाकघर, त्यातच बाथरूम. मागचं दार गल्लीत उघडतं. म्हणजे उघडत नाही, बाहेरून कुलूप असतं. चोरांचं भय आहे म्हणाले.

रोज दुपारी दोनला काका दिवसभराच्या कामाच्या फायली मोठ्या लॅबला पाठवतात. चाळीस मिनिटं लागतात. मध्ये नेट तुटलं की कॉम्प्युटर बोंब मारतो, आणि मिनिटाभरात जाऊन बटण दाबलं नाही तर सगळं पहिल्यापासून. त्यामुळे काका खुर्चीला खिळलेले. म्हणाले, अख्ख्या दिवसात तेवढीच काय ती मला मोकळी चाळीस मिनिटं गं, पोरी, तीही या यंत्रानं खाल्ली. इतके केविलवाणे हसले की मी तिथेच ठरवलं. यांना यांची चाळीस मिनिटं मिळवून द्यायचीच.

सरळ वायर टाकू म्हटलं तर नको म्हणाले. पायात येते.

ढापण्यांचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच लिहून ठेवायची. नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. म्हणून ही वही. काकांना नियम सांगितला तर एकदम खूश. म्हणाले, आमच्या धंद्यातही तेच, एका वेळी एकच दात.

मंगळवार, ५ मार्च

कॉम्प्युटरच्या पाठीमागे वायफायच्या दोन अँटेना असतात, बोटभर लांब, फिरवून बसवायच्या. दोन्ही ढिल्या! एक तर नुसती टेकवलेली. हसावं का रडावं. चार जणांनी म्हणे हात टेकले, पण पाठीमागे कोणी वाकून बघितलंच नाही. घट्ट बसवल्या. बाकी कशाला हात लावला नाही.

एक छोटा प्रोग्रामही टाकला. तो दर सेकंदाला नेट आहे का बघतो आणि तुटलं की वेळ लिहितो. आता मी दुकानात असले तरी चोर कधी येतो ते कळणार.

काकू आज पहिल्यांदा दिसल्या. चाळिशीच्या असतील. तोंडावर कायम हात. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. काका म्हणाले, तिच्या हिरड्या फार नाजूक आहेत, कवळी टोचते, म्हणून दिवसा काढूनच ठेवतो आम्ही, बोलायला लावू नकोस तिला. चाळिशीत कवळी! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, तू रात्री दात घासतेस ना? आई रोज दुपारी अडीचला फोन करते. जेवलीस का, दात घासलेस का, सगळं त्यातच.

बाथरूम वापरायला खाली जावं लागतं. घरातल्या सगळ्या कड्या गंजलेल्या, पण बाथरूमच्या दाराला आतून कोरी करकरीत जाडजूड कडी. काका म्हणाले, बायकांना बाथरूममध्ये फार वेळ लागतो.

गुरुवार, ७ मार्च

प्रोग्रामनं चोर पकडला, पण चोराचं तोंड दिसलं नाही. काल दोन वाजून चार मिनिटांपासून दोन एकतीसपर्यंत नेट सात वेळा तुटलं. बाकी दिवसभर ठणठणीत. वक्तशीर आजार आहे. अँटेना बघितल्या तर एक परत ढिली. हादऱ्यानं होत असेल. पक्कडीनं आवळली. आता माझ्या हातानंही निघत नाही.

संध्याकाळी मजा झाली. काका म्हणाले, तुझा वरचा सुळा जरा पुढे आलाय, ये, ठसा घेऊन ठेवू, कधी दुरुस्त करावासा वाटला तर उपयोगी पडेल. खुर्चीत बसवलं, गुलाबी पेस्ट भरलेला साचा तोंडात कोंबला, आणि तीन मिनिटं मी तोंड वासून बसले. नाकानं श्वास घे म्हणाले. हनुवटी धरून ठेवली होती. पकड चांगली आहे हं म्हाताऱ्याची. मग माझा जबडा ओतला, दुधासारखा पांढरा. अठ्ठावीस दात, सगळे जागेवर. फळीवर ठेवला. आता मीही त्या हसणाऱ्यांत.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. एकदम आत गेल्या.

शनिवार, ९ मार्च

आज हाफ डे, म्हणून सव्वादोनला घरी. आणि आजाराचं मूळ सापडलं! मायक्रोवेव्ह! आत पाण्याचा पेला, आणि यंत्र चालू, पस्तीस मिनिटं लावलेलं. मायक्रोवेव्ह आणि वायफाय लहरींच्या एकाच पट्ट्यात बोलतात, एक बोंबलला की दुसऱ्याला ऐकू येत नाही. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. मी आनंदानं काकूंनाच सगळं समजावून सांगायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि नुसती मान हलवली, नाही, नाही. मला वाटलं मायक्रोवेव्ह बिघडवू नको म्हणतायत. म्हटलं काकू, तुमच्या यंत्राला हातसुद्धा लावत नाही, वायफायलाच वरच्या पट्ट्यात पाठवते. पाठवलं.

काका कॉम्प्युटरसमोर होते. बाह्या वर केलेल्या, घामाघूम. मी सांगितलं काय सापडलं ते. ते स्वयंपाकघराकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, अस्सं. तीन वर्षं पाणी गरम होतंय होय माझ्या घरात.

मला शाबासकी मिळाली.

रविवार, १० मार्च

काकूंच्या डाव्या हाताला पट्टी. वाफेनं भाजलं म्हणे.

सोमवार, ११ मार्च

नेट आजही दोन बाराला आणि दोन एकोणीसला तुटलं. संध्याकाळी राउटरमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला, आडवा लावून ठेवलेला. वरच्या पट्ट्याला पत्रा अजिबात सोसत नाही. कोणी ठेवला विचारायचं कारणच नाही, घर म्हटलं की वस्तू इकडच्या तिकडे होतात.

राउटर भिंतीवर छताजवळ टांगला. स्टूल घेतल्याशिवाय कोणाचा हात पोचणार नाही. ढापण्यांना सांगितलं, ते म्हणाले, शाब्बास, आता खालून प्लग काढला जातोय का तेवढं बघ.

द्रष्टे आहेत ते.

मंगळवार, १२ मार्च

आज चोराचं तोंड दिसलं. सिग्नल कमी होणं वेगळं आणि राउटरच बंद पडणं वेगळं, माझ्या यादीत दोन्ही वेगळं दिसतं. आज राउटर तीन वेळा पूर्ण मेला. प्लग सैल. वरची पिनही सैल.

ग्लू गन काढली. भिंतीतला प्लग गरम गोंदानं चहूबाजूंनी बंद, राउटरमधली पिनही बंद, वायर भिंतीला चिकटवून टाकली. आता हत्ती आला तरी निघत नाही. काका खाली स्टूल धरून उभे होते. हात कापत नाही तुझा, म्हणाले. काकू स्वयंपाकघरात पाठमोऱ्या, भांडं घासत होत्या. तेच एक भांडं, मी असेपर्यंत.

बुधवार, १३ मार्च

शून्य! एकदाही तुटलं नाही! चाळीस मिनिटं सलग!

काकांनी केक आणला. वर माझ्या खोलीत आणून दिला, प्लेट आणि काटा सगळं घेऊन. चेहरा असा उजळलेला की दहा वर्षांनी लहान दिसत होते. म्हणाले, तुला कल्पना नाही पोरी तू मला काय दिलंस.

ढापण्यांनी दुकानात टाळ्या वाजवल्या, तिथल्या तिथे माझं नाव वायरलेसची बाराक्षरी ठेवलं. नावाला काही अर्थ पाहिजेच असं नाही.

गुरुवार, १४ मार्च

शून्य.

काकू दिसल्या नाहीत. ताप आहे म्हणे. बाथरूमला गेले तर फरशी ओली, फिनाइलचा वास डोळ्यांत जाणारा.

शुक्रवार, १५ मार्च

शून्य.

काकांनी माझा चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर मागून नेला. कुठलीशी फळी हलतेय.

आज एक गोष्ट. आधी लिहू का नको म्हणत होते, पण नियम तो नियम. गोंद नीट बसलाय का बघायला मधल्या खोलीत वाकले. प्लगभोवतीचा गोंद कोरलेला आहे. उंदीर असेल वाटलं. मग टॉर्च लावला. गोंदात नख आहे. अर्धवट नाही, मुळापासून. खाली सुकलेलं रक्त. त्याच्या शेजारी दुसरं.

भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत हातानं पुसल्यासारखे तांबूस पट्टे आहेत. रंग दिलाय वरून. ओला आहे.

बसून, आडवं पडून कोणीतरी तो प्लग काढायला बघत होतं. आणि पाय मागून कोणीतरी ओढत होतं.

शनिवार, १६ मार्च, दुपारी चार

ही वही गादीखाली असते. आज उघडली तर कालच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहिलंय. अक्षर माझं नाही. वेडंवाकडं, बहुतेक डाव्या हातानं:

नेट तुटलं की हे उठतात. उठले की मी बाथरूममध्ये जाते, कडी लावते. एवढंच होतं. तू बंद केलंस.
आधीच्या मुलाला चिठ्ठी दिली होती. त्यानं काळजीनं ह्यांनाच नेऊन दाखवली.
कोणाला सांगू नको. गोंद काढ.

मी तीनदा वाचलं.

अँटेना. मायक्रोवेव्ह. डबा. पिन. एकेक दार त्या उघडत होत्या आणि मी मागून येऊन एकेक लावत होते. लिहून ठेवत होते. टाळ्या घेत होते.

शनिवार, संध्याकाळ

काका डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला गेले तेव्हा खाली गेले. काकू मागच्या खोलीत कोंडलेल्या, दाराला बाहेरून कुलूप. हाक मारली. आतून दारावर तीन टिचक्या आल्या. जिवंत आहेत.

कॉम्प्युटरमध्ये नेट तुटल्याची जुनी यादी असते, तीन वर्षांची, कोणी बघत नाही. ती काढली. आणि फळीवरचे जबडे बघायला लागले. सगळ्यात खालच्या फळीवर एक रांग वेगळी आहे. एकाच माणसाचे. टाळूवरची तीच वळी प्रत्येकात. पहिल्या जबड्यात अठ्ठावीस दात. दुसऱ्यात सत्तावीस. मग पंचवीस. मग एकवीस. मग दाढा फक्त. मग नुसत्या गुळगुळीत हिरड्या. आणि दात निघून गेलेले नाहीत, प्लास्टर छिन्नीनं उडवलंय. पावडर अजून खाचेत आहे.

तारखा यादीशी जुळवल्या.

ज्या ज्या दिवशी नेट नीट चाललं त्या त्या दिवशीची चिठ्ठी आहे. आमच्यासारखा कोणीतरी येऊन गेला की दोन-तीन दिवस शून्य, आणि तेवढ्याच दिवसांचे जबडे. मग काकूंना नवीन युक्ती सुचायची. मग परत महिनाभर काही नाही.

दात संपलेत. १३ मार्चची चिठ्ठी एका प्लास्टरच्या हाताखाली आहे. पूर्ण हात, पाच बोटं. १४च्या हाताला करंगळी नाही. १५च्या हाताला करंगळी नाही, शेजारचं नाही.

आधी साच्यात करतात. मग खरं. एका वेळी एकच.

रविवार, १७ मार्च

सकाळी ढापण्यांना गाठलं, सगळं सांगितलं. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, आपण नेट जोडतो बाई, संसार नाही. गिऱ्हाईक वीस वर्षांचं आहे. प्लास्टर काय, कोणीही तोडतं. तू दमलीयेस, उद्या सुट्टी घे. आता मीही त्यांना ढापण्याच म्हणणार, तोंडावर.

महिलांच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. दुपारी एक हवालदार आला. काकांनी त्याला चहा दिला, खुर्चीत बसवून हलणारी दाढ बघून दिली. काकूंना बाहेर आणलं. कवळी घातलेली, नवी, मोत्यासारखी. हात रुमालात. विचारलं तर दारात बोट सापडलं म्हणाल्या. हसल्या. इतके सुंदर दात मी कोणाचे बघितले नाहीत. हवालदार जाताना मला म्हणाला, चांगली माणसं आहेत, उगाच कशाला.

हवालदाराला सोडून काका माझ्याकडे आले. स्क्रूड्रायव्हर परत दिला, थँक्यू म्हणाले. टोकाच्या चुंबकाला एक आखूड स्क्रू चिकटलेला होता. म्हटलं तुमचा राहिला. म्हणाले राहू दे, उरलेलाच आहे.

ठरलं. लिहिते म्हणजे डोकं जागेवर राहील.

कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम टाकलाय. उद्या दोन चारपासून दर चार मिनिटांनी तो स्वतःच वायफाय तोडणार. गोंदाला हात लावायची गरज नाही. काका खुर्चीला खिळणार. मी दुकानातला मोठा कटर घेऊन मागच्या गल्लीतून येणार, कुलूप तोडणार, काकूंना घेऊन निघणार. सरळ गाडी, सरळ आईकडे. काकू वही वाचतात, म्हणून इथेच लिहितेय: काकू, दोनला बाथरूममध्ये जा. कडी लावा. मी तीन टिचक्या मारीन.

सोमवार, १८ मार्च

२.०३ गल्लीत आहे. कटर जड. आतून आवाज येतोय, ओढल्यासारखा, मग धप्प, मग

२.०५ कॉम्प्युटर बोंबलला. आवाज थांबला. आतली पावलं पुढच्या खोलीकडे गेली. चालतंय. माझं काम चालतंय.

२.१४ बाथरूममध्ये. दोघी. कुलूप तुटलं, आत आले, टिचक्या मारल्या, काकूंनी कडी काढली. चेहरा— नाही लिहीत. डोळा एकच उघडतोय. कवळी फुटून खालच्या ओठात गेलीये, मी ओढून काढली, त्यांनी आवाजसुद्धा केला नाही, सवय आहे. टॉवेल दाबून धरलाय.

बाहेर पडायला वळलो तर मागचं दार लागलेलं. मी आत शिरले तेव्हा उघडं टाकलं होतं. आता बाहेरून कुलूप. नवं. खटका ऐकला मी.

म्हणजे ते खुर्चीत नव्हते. गल्लीतून आले, लावलं, वळसा घालून पुढे गेले.

परत आत येऊन कडी लावली. दुसरं दार नाही. वर हातभर झरोका आहे, वही जाईल, माणूस नाही.

२.१८ कुलूप तोडताना माझा फोन गल्लीत पडला असणार. खिशात नाही. मनगटावरचं घड्याळ तेवढं आहे.

२.२० बोंब. पावलं दाराशी आली होती, परत गेली. चार मिनिटं. प्रोग्राम चालू आहे. देवा, चालू राहू दे. चार चार मिनिटांनी संध्याकाळ करू. कोणीतरी येईल. ढापण्या येईल. कोणीतरी.

काकूंनी माझ्या हातातून वही घेतली, कालच्या पानावर बोट ठेवलं. माझ्या प्लॅनच्या पानावर. कोपऱ्यात गुलाबी ठसा. अंगठ्याचा. मेण. काका कवळीच्या हिरड्या घडवतात ते मेण.

काकांनीही वाचलंय. रोज वाचत असतील. केक घेऊन आले तेव्हापासून.

२.२४ बोंब. गेले परत. काकू माझे केस मागे घेतायत. दोन बोटांनी. दोन बोटंच—

२.२६ बेसिनच्या वरच्या फळीवर काहीतरी पांढरं आहे. मघाशी दिसलं नाही.

माझा जबडा. सुळा पुढे आलेला. खाली चिठ्ठी, १८ मार्च. समोरचे दोन उडवलेत. पावडर अजून कोरडी, म्हणजे ताजी आहे, बोटाला लागली.

२.२८ बोंब. पावलं गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज. काहीतरी जमिनीवरून सरपटत येतंय. लांबलचक. फरशीवरून, मधल्या खोलीतून, परत पुढे. दोरखंड वाटला. नाही. वायर आहे. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकतायत. सरळ वायर.

मीच म्हटलं होतं. पहिल्या दिवशी. मीच.

२.३० टक्.

तो आवाज मी झोपेतही ओळखेन. वायर बसली. आता वायफाय तुटून उपयोग नाही.

आई फोन करते अडीचला. वाजतोय. फोन वाजतोय. गल्लीत नाही, घरात वाजतोय. मधल्या खोलीत. त्यांनी उचलला. काका बोलतायत. तो मऊ आवाज. हो हो, तुमची पोरगी आहे ना इथेच. कामात आहे. नाही, जेवली नाही अजून. आता नेट एकदम छान चालतंय, तिचीच कृपा. मी ओरडले. काकूंनीही तोंड उघडलं पण तिथे— काका म्हणाले टीव्ही चालू आहे हो. ठेवतो.

२.३२ बोंब मारायला हवी होती.

मारली नाही.

२.३३ दारावर धडक. कडीकडे बघितलं. चार स्क्रूंची जागा आहे. चारांपैकी एकच आहे. तीन भोकं रिकामी. माझा स्क्रूड्रायव्हर. तो आखूड स्क्रू. उरलेलाच आहे म्हणाले—

काकू दाराला पाठ लावून बसल्यात. मी शेजारी. दोघींचे पाय बेसिनच्या भिंतीला. दुसरी धडक. लाकूड फुटलं. कटर, कटर स्वयंपाकघरात राहिला

वही झरोक्यातून टाकतेय. मिळेल त्यानं पोलिसांत नाही, आधी माझ्या आईला. आणि या घरातून कोणी नेट दुरुस्त करायला बोलावलं तर जाऊ नका, गेलात तर नीट करू नका, तुटू द्या, तुटत राहू

थांबले. धडका थांबल्या. श्वास ऐकू येतोय, दारापलीकडे, माझ्या कानाजवळ. बोलतायत. अगदी हळू, बॅग उचलताना बोलले होते तसं. म्हणतायत, अजून बावीस मिनिटं आहेत, घाई नाही. विचारतायत आधी कोण. एका वेळी एक—